शॅमरॉकची कुंडी फेकण्याआधी

या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात शॅमरॉकच शॅमरॉक आहे. तीन-तीन जांभळ्या पानांची, संध्याकाळ झाली की मिटून घेणारी ती कुंडी बऱ्याच घरांत पोचलेली दिसते. पत्रांचा सूरही जवळपास एकच: "ताई, परवापर्यंत छान होती, आता गेली." उत्तरांआधीच सांगून टाकते, यातल्या बहुतेक कुंड्या गेलेल्या नाहीत. आणि ज्या खरंच गेल्यात, त्या तहानेने नव्हे, पाण्याने गेल्यात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलचक पत्रांना कात्री लावली आहे, त्याबद्दल रागावू नका.

प्रश्न : ताई, कुंडी पानांनी गच्च भरलेली होती. मग पानं पिवळी पडू लागली, देठ आडवे झाले. पाणी कमी पडतंय असं वाटून सकाळ-संध्याकाळ घालू लागले, तर आणखीच वाईट. आता दोन-तीन काड्या उरल्यात. खत घालून बघू का?

उत्तर : खत नको, आणि आधी हातातली झारी खाली ठेवा.

शॅमरॉक म्हणून मिळणारी ही कुंडी ऑक्झॅलिसची. हिचा जीव पानांत नाही, मातीखालच्या कंदांत आहे. काही महिने भरभरून वाढायचं, फुलायचं, मग सगळी पानं टाकून कंदांनी विश्रांती घ्यायची, हा तिचा स्वभाव. ती कधी झोपेल याला पंचांग नाही. खोलीतलं तापमान 27 अंशांच्या वर राहू लागलं की बहुधा झोपते. पाणी लागोपाठ चुकलं तरी झोपते. कधी काहीच बिघडलेलं नसतं, नुसता फुलोरा आटोपला म्हणून झोपते. वर्षातून एकदा झोपणाऱ्या कुंड्या आहेत, दोनदा झोपणाऱ्या आहेत, आणि उजेड-तापमान सारखं मिळालं तर वर्ष उलटलं तरी जाग्याच राहणाऱ्याही आहेत.

आता पाण्याचं. पाणी मुळांतून वर ओढलं जातं ते पानांमुळे. पानंच नसली तर तुम्ही घातलेलं पाणी जाणार कुठे? ते मातीत बसून राहतं, मातीतली हवा कोंडते आणि कंद सडायला लागतो. म्हणजे रोप मरायला टेकलंय असं वाटून आपण जे करतो, त्यानेच ते मरतं.

झोप आणि सड यांतला फरक देठ सांगतो. झोपेकडे निघालेल्या कुंडीची पानं एकेक करून पिवळी पडतात आणि कोरडी होतात. देठ वाळून कडक होतो. सड लागली असेल तर देठ बुडाशी पाणचट, मऊ होतो आणि हलकेच ओढला तरी हातात येतो. मातीला आंबूस वास येत असेल तर प्रश्नच मिटला.

तुमची कुंडी इतके दिवस ओली आहे, म्हणून तुम्ही वाट बघत बसू नका. कुंडी उलटी करून माती मोकळी करा आणि कंद चाचपा. टणक असतील ते ठेवा, बोटाखाली दबतील ते फेका. अर्धवट सडलेला तुकडा "निघेल कदाचित" म्हणून ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. चांगले कंद कागदावर सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि नव्या, जेमतेम दमट मातीत लावून कुंडी थंडशा, सावलीच्या जागी ठेवा. कोंब दिसेपर्यंत पाणी नाही.

ज्यांची कुंडी नुसती झोपतेय, त्यांनी पानं पूर्ण वाळू द्यावीत. हिरवी असेपर्यंत त्यांच्यातला साठा खाली कंदात उतरत असतो, म्हणून दिसायला वाईट दिसतं एवढ्यासाठी ती कापायची घाई करू नये. वाळली की बुडाशी कापून कुंडी कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवा. काही कुंड्या दोन ते चार आठवड्यांत उठतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. आठवड्यातून एकदा डोकावलं तरी पुरे. मातीतून वाकडी, मिटलेली कोवळी टोकं वर आलेली दिसली की उजेडात आणा आणि एकदा भरपूर पाणी घाला. त्यानंतर ती ज्या वेगाने वाढते ते बघण्यासारखं असतं.

प्रश्न : मग एरवी पाणी किती? आठवड्यातून किती वेळा ते नेमकं सांगा.

उत्तर : नेमकं सांगितलं तर ते तुमच्या कुंडीला लागू पडणार नाही. खिडकीतली कुंडी आणि आतल्या टेबलावरची कुंडी एकाच घरात वेगवेगळ्या वेगाने सुकतात. मातीत बोट घाला. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी लागली तर बुडाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला. नाही लागली तर राहू द्या. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका. आणि भोक नसलेली सुंदर कुंडी ही शोभेची वस्तू आहे, तिच्यात रोप लावायचं नसतं. लावायचंच असेल तर भोकाची साधी कुंडी तिच्या आत ठेवा.

प्रश्न : काकू, दुकानातून आणली तेव्हा जांभळी गर्द होती. आता पानं हिरवट दिसतात, देठ हातभर लांब झालेत आणि सगळं एका बाजूला कललंय. माती बदलू का?

उत्तर : माती बदलून काही होणार नाही, जागा बदला. हिला उजेड कमी पडतोय. अंधारात रोप उजेड शोधत देठ लांबवतं, आणि लांबलेला बारीक देठ तीन रुंद पानांचं वजन पेलू शकत नाही. जांभळा रंगही भरपूर उजेडातच टिकतो.

सकाळचं कोवळं ऊन येणारी पूर्वेची खिडकी सगळ्यात उत्तम. तसली नसेल तर जिथे दिवसा दिवा न लावता वाचता येतं अशी जागा. दुपारचं थेट ऊन मात्र टाळा. काचेतून आलेल्या तापलेल्या उन्हात पानांच्या कडा करपतात. आठवड्याला कुंडी थोडी थोडी फिरवत राहिलात तर एका बाजूला कलणार नाही.

आता लांबलेल्या देठांचं काय? ते पुन्हा आखूड होत नाहीत. कुंडी जोमात असेल तर सरळ सगळी पानं मातीपासून दोन बोटं वर कापून टाका. हो, सगळी. छातीत धस्स होईल, पण कंदांत साठा असला की काही आठवड्यांत नवी, आटोपशीर पानं येतात. आधीच अशक्त असलेल्या कुंडीवर हा प्रयोग करू नका.

प्रश्न : माझ्या नातीने विचारलेला प्रश्न आहे. पानं रात्री का मिटतात? आणि आमची कुंडी कधीकधी दुपारीही मिटलेली असते, ते आजारपण आहे का?

उत्तर : नातीला सांगा, प्रत्येक पानाच्या बुडाशी एक बारीकसा फुगीर सांधा असतो. भिंग असेल तर दाखवाच. त्या सांध्याच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरलं आणि दुसऱ्या बाजूच्या पेशींतलं उतरलं की पान खाली झुकतं. उलट झालं की पसरतं. दिवस-रात्रीचं घड्याळ रोपाच्या आतच असतं, म्हणून कपाटात बंद करून ठेवली तरी ती काही काळ वेळेवर उघडमीट करत राहते. तिला एक प्रयोगही सुचवा: संध्याकाळी दर अर्ध्या तासाने एकाच जागेवरून फोटो काढायचे आणि सगळे ओळीने लावून पाहायचे.

दुपारी मिटण्यामागे बहुधा कडक ऊन किंवा तहान असते. ऊन असेल तर सावलीत सरकवल्यावर पानं पुन्हा पसरतात. माती कोरडी असेल तर पाणी घाला. दोन्ही नसेल आणि फक्त जुनी, मोठी पानं अर्धवट मिटलेली असतील तर ती वयाने थकलीत. चिमटीने काढून टाका.

प्रश्न : ही खरी आयरिश शॅमरॉक आहे का? मित्र म्हणतो, खरीला चार पानं असतात.

उत्तर : तुम्ही दोघंही चुकलात, आणि दुकानदारही.

शॅमरॉक हे आयर्लंडचं चिन्ह, आणि ते तीन पानांचंच. संत पॅट्रिकने तीन पानं दाखवून ईश्वराचं त्रैक्य समजावलं अशी कथा सांगितली जाते, त्यामुळे चार पानांची शॅमरॉक म्हटलं की कथाच कोसळते. चार पानांचं ते नशीबवान क्लोव्हर (कुरणात वाढणारी तीन पानांची एक वनस्पती, तिचं चौथं पान क्वचितच सापडतं), ती वेगळी समजूत. पण खरी शॅमरॉक म्हणजे नेमकी कुठली वनस्पती, यावर आयरिश लोकांचंही एकमत नव्हतं. नॅथॅनिएल कोल्गन या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडच्या वेगवेगळ्या भागांतून लोकांना "तुमची शॅमरॉक पाठवा" असं सांगितलं आणि आलेली रोपं फुलेपर्यंत वाढवली. कारण नुसत्या कोवळ्या पानांवरून ओळख पटत नाही. पहिल्या क्रमांकावर आलं पिवळ्या बारीक फुलांचं क्लोव्हर, ट्रायफोलियम डुबियम. दुसऱ्यावर पांढरं क्लोव्हर. 1988 मध्ये चार्ल्स नेल्सन यांनी तीच पाहणी पुन्हा केली, तेव्हाही क्रम तोच राहिला. मला ही हकिगत फार आवडते. भांडण मिटवायला पुस्तकं उघडण्याऐवजी त्या माणसाने कुंड्या भरल्या.

ही दोन्ही क्लोव्हरं शेंगावर्गातली, मोकळ्या कुरणात वाढणारी. घरात कुंडीत ती लवकरच मरगळतात. म्हणून 17 मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनाच्या सुमाराला शॅमरॉकची चिठ्ठी लावून दुकानांत येते ती बहुधा ऑक्झॅलिस. तुमची जांभळी म्हणजे ऑक्झॅलिस ट्रायँग्युलॅरिस, मूळची ब्राझील आणि आसपासच्या देशांतली. ओग्युस्त सेंट-इलेअर या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने ब्राझीलच्या प्रवासानंतर तिचं वर्णन केलं. पांढऱ्या फुलांची हिरवी कुंडी, जी पूर्वी ऑक्झॅलिस रेग्नेली म्हणून विकायची, तीही याच जातीतली धरतात. मित्राने पाहिलेली चार पानांची, मध्यभागी जांभळट क्रॉस असलेली, ती मेक्सिकोची ऑक्झॅलिस टेट्राफिला. तिला कायमच चार पानं असतात, तेव्हा नशिबाचा भाग त्यात काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, टेट्राफिला थंडीत झोपते आणि वसंतात उठते, ट्रायँग्युलॅरिससारखी लहर लागेल तेव्हा नाही.

प्रश्न : माती बदलताना कंदांखाली पारदर्शक, मुळ्यासारखं काहीतरी सापडलं. कीड असेल म्हणून कापून टाकलं. बरोबर केलं ना?

उत्तर : कीड नव्हती, साठा होता. ऑक्झॅलिसचे कंद म्हणजे खवल्या-खवल्यांचे, सुरूच्या इवल्या शंकूसारखे दिसणारे तुकडे. काही वेळा त्यांच्या बुडाला पाण्याने भरलेलं जाड, काचेसारखं मूळ येतं. त्यात पाणी आणि अन्न साठतं, आणि ते आकसलं की कंद मातीत थोडा खोल ओढला जातो. कापल्याने कुंडी दगावणार नाही, फक्त जखम सुकेपर्यंत पाणी बेताने घाला. पुढच्या वेळी तसंच राहू द्या.

कंद खोल गाडायची गरज नसते. दोन-तीन सेंटिमीटर माती वर पुरते. कुठलं टोक वर, याचाही घोर नको, आडवे ठेवा, कोंब आपली वाट काढतो. बोटभर अंतराने चार-पाच कंद लावले की लहानशी कुंडी छान भरते. हिला दाटी आवडते, म्हणून मोठी कुंडी आणून एकट्या कंदाला महालात राहायला पाठवू नका. रिकामी ओली माती फार काळ सुकत नाही आणि पुन्हा सडीचा विषय येतो. माती भुसभुशीत हवी. मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं कंपोस्ट, एक भाग परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) घेते. परलाइट नसेल तर जाडी वाळू. कुंडी बदलायला झोपेचा शेवट हाच मुहूर्त.

प्रश्न : खत कोणतं?

उत्तर : कुठलंही समतोल द्रवखत, डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्म्या जोराचं, महिन्यातून एकदा, तेही पानं वाढत असतानाच. झोपेत काही नाही.

प्रश्न : माझ्या जांभळ्या कुंडीत बारीक पानांची एक फांदी सरपटत बाहेर आली आहे आणि तिला इवली पिवळी फुलं आलीत. दोन रंगांची फुलं देणारी जात आहे का? फारच गोड दिसतंय.

उत्तर : गोड दिसतंय तोवरच उपटा. ती आंबुशी. तुमच्या शॅमरॉकची सख्खी चुलत बहीण, ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा, आणि जगभरच्या कुंड्यांतली नाठाळ पाहुणी. ट्रायँग्युलॅरिसची फुलं फिकी गुलाबी किंवा पांढरी, पिवळी नाहीत. आणि तिचं प्रत्येक पान थेट मातीतून आलेल्या देठावर येतं, ती फांद्या टाकत सरपटत नाही. आंबुशी पेरांपाशी मुळं धरते. तिच्या उभ्या शेंगा पिकल्या की नुसत्या स्पर्शाने तडकतात आणि बिया शेजारच्या कुंड्यांपर्यंत उडतात. शेंगा धरायच्या आत, माती ओली असताना, मुळाशी बोटं घालून काढा. वरवर खुडलीत तर पुन्हा येईल. तिचीही काही रोपं जांभळट पानांची असतात, तेव्हा रंगावर जाऊ नका.

प्रश्न : आमची मांजर पानं चावते. काळजी करावी का? आणि माणसांनी खाल्लं तर? आंबट लागतं म्हणे.

उत्तर : मांजरीची काळजी करा, हो. आंबटपणा येतो तो ऑक्झॅलिक आम्ल आणि त्याच्या क्षारांमुळे. हे विरघळणारे क्षार पोटात गेले की रक्तातल्या कॅल्शियमला बांधून ठेवतात आणि जास्त प्रमाणात मूत्रपिंडांना इजा करतात. मांजर, कुत्रा, घोडा तिघांसाठीही ही वनस्पती विषारी धरली जाते. चव इतकी आंबट की एखाद-दुसरं पान चावून जनावर बहुधा तोंड फिरवतं. पण लाळ गळणं, उलट्या, थरथर किंवा सुस्ती दिसली तर वाट न बघता पशुवैद्याकडे न्या आणि पान सोबत घेऊन जा. कुंडी टांगून ठेवणं हा सोपा उपाय. मात्र मांजर तुमच्याहून उंच उडी मारते हे विसरू नका.

माणसाने कुतूहलापोटी एखादं पान चाखलं तर घाबरण्यासारखं नाही. पण ही शोभेची कुंडी आहे, तिच्यावर काय फवारलं होतं कोण जाणे. ताटात नको. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी तर चाखूही नये, आणि लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

प्रश्न : पानांवर फिके ठिपके, आणि खालून बघितलं तर नारिंगी पूड. दोन्ही एकच रोग आहे का?

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी असण्याची शक्यता जास्त. वरून टाचणीने टोचल्यासारखे फिके ठिपके आणि देठांच्या बेचक्यात बारीक जाळी असेल तर तो लाल कोळी. गरम, कोरड्या हवेत तो फोफावतो. पानं, विशेषतः खालची बाजू, पाण्याच्या धारेखाली धुवा, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा धुवा, आणि फारच पसरला असेल तर कीटकनाशक साबणाची फवारणी करा. मावा आणि पिठ्या ढेकूण यांनाही हाच उपाय चालतो.

नारिंगी पूड म्हणजे तांबेरा, ती बुरशी. ती धुऊन जात नाही, उलट ओल्या पानांवर आणखी पसरते. डागाळलेली पानं कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात टाकू नका. पाणी पानांवर न घालता मातीवर घाला, कुंड्यांमध्ये हवा खेळेल इतकं अंतर ठेवा. (मक्यावर पडणाऱ्या एका तांबेऱ्याला आपलं जीवनचक्र पुरं करायला ऑक्झॅलिसच लागते. शेतकऱ्याची डोकेदुखी आणि तुमच्या खिडकीतली शोभा यांचं असंही नातं.) सगळीच कुंडी डागाळली असेल तर सगळी पानं कापून तिला झोपवा. पानांच्या रोगासाठी फवारण्यांचा खर्च करण्यापेक्षा पानंच काढून टाकणं इथे परवडतं, कारण नवी येणारच आहेत.

प्रश्न : मैत्रिणीला माझ्यातले थोडे कंद द्यायचे आहेत, पण ती दुसऱ्या गावी राहते. टपालाने पाठवता येतील का?

उत्तर : येतील, आणि रोपापेक्षा ते सोपं. झोपेच्या दिवसांत कंद काढा, माती झाडा, धुऊ नका. एक दिवस सावलीत सुकू द्या आणि कोरड्या कोकोपीटच्या चिमटीत कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते. खवले सुटून पडले तर तेही पाठवा, काही सुट्या खवल्यांतूनही रोप उभं राहतं, वेळ मात्र लागतो. देशाबाहेर पाठवायचे असतील तर वनस्पतींसाठी आरोग्य-दाखल्याचे नियम असतात, ते आधी पाहा. मैत्रिणीला लिहा की आल्या आल्या लावायचे आणि कोंब येईपर्यंत माती फक्त दमट ठेवायची. पाकिटावर हिरवी की जांभळी तेही लिहा. सुके कंद बघून ते ओळखणं अवघड जातं.